दहावं नाव

तृतीय वर्षाला भूगोल घेणारे नऊच निघाले. कर्जतजवळच्या त्या छोट्या आर्ट्स कॉलेजचा नियम होता, दहा नावं नसतील तर विषय बंद. "तू इतिहास घे, जनी," भूगोलाचे देवेश सर म्हणाले.

"नाय सर. एकच नाव कमी हाय ना? मी आणते."

जनी उघडे कळंबच्या वरच्या ठाकरवाडीतली. शनिवार-रविवार रिसॉर्टमध्ये चादरी बदलून ती शिकत होती. कॉलेजातल्या स्थलदर्शक नकाशात तिनं स्वतःची वाडी शोधली होती. तिथं डोंगर होता, ओढा होता, वाडी नव्हती. वाडी नकाशात काढायचीच, हे तिनं तेव्हाच ठरवलं.

सरांच्या जुन्या हजेरीत तिला सुरेखाचं नाव सापडलं. दुसरं वर्ष पास, मग लग्न, आता चौकला नवऱ्याच्या ढाब्यावर. जनी एसटीनं चौकला गेली.

"अगं, सहा वर्षं झाली," सुरेखा पीठ मळता मळता म्हणाली. "पोरी हसतील मला."

"हसू द्या. तास तर चालू राहील."

सुरेखानं नकार दिला. जनी पुन्हा गेली, तिसऱ्यांदाही गेली. चौथ्या खेपेला सुरेखा चिडलीच. "समोच्च रेषा म्हंजे काय, ते पण आठवत नाय मला!"

जनीनं परातीतला पिठाचा गोळा उचलला, डोंगरासारखा उभा केला आणि सुरीनं त्याचे आडवे थर कापले. एकेक थर कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली. कागदावर एकात एक रेषा उमटल्या. सुरेखा बघत राहिली. मग तिनं स्वतः बोट ठेवलं, "हितं रेषा जवळजवळ, म्हंजे चढ उभा."

"मग आठवतंय की!"

गल्ल्यावरून सुरेखाचा नवरा किशोर म्हणाला, "तास कधी असतात?"

"सकाळी साडेसात ते साडेदहा."

"ढाबा अकराला उघडतो. जा गं."

पहिल्या दिवशी दोन पोरी खरंच हसल्या. सुरेखा पुढच्या बाकावर जाऊन बसली. डिसेंबरात दहाही जणांनी टेप धरून जनीच्या वाडीची मोजणी केली. घरं, पायवाटा, विहीर, सगळं कागदावर आलं. वरती वाडीचं नाव जनीनं स्वतः लिहिलं.

निकाल लागला तेव्हा जनी वर्गात पहिली होती. सुरेखा एका पेपरात नापास.

"ताई, परत बसायचं," जनी म्हणाली.

"माहीत हाय," सुरेखा म्हणाली. फॉर्म तिच्या पिशवीत भरून तयार होता.