एकाच नळीचे दोघे भाऊ

दादा आणि मी काच फुंकायचो. भट्टीपुढे लोखंडी नळी एकच, आळीपाळीने दोघांच्या तोंडात. विशीत एकाच हिवाळ्यात दोघांनाही ताप आला, गळ्याला गाठी आल्या, दोघेही बरे झालो. आणि आता मलाच मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार! भट्टीच्या धगीने डोळ्यांपुढे धुरकट होतं, पाय लटपटतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थुंकीतून पसरणाऱ्या त्या तापाच्या व्हायरसमुळे सुरुवात झाली असावी. पण तो जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो. तुम्हालाच का, ते सांगता येत नाही."

तेव्हापासून दादा एकटाच फुंकतो, तरी नळी घासघासून धुतो.

"बैल गेला नि झोपा केला!" मी खेकसलो. "आता कुणासाठी धुतोस?"

तो नळीकडेच बघत म्हणाला, "तेव्हा ताप आधी मला आला होता."

घ्या! आता याच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही.