बेसमेंटमधलं प्रबोधन

श्रीधरकाकांचा फोन आला तेव्हा मी घरासमोर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "अगं, विजू गेली... पहाटे, झोपेतच. तू ग्रुपवर टाक. आणि रविवारचं लेक्चर कॅन्सल केलंय म्हणून पण टाक." पहिली बातमी मी टाकली, दुसरी टाकली नाही. काही आठवडे उलटून गेले, पण ती ओळ टाकली नाही याबद्दल मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

श्रीधरकाकांच्या पत्नी विजूकाकू म्हणजे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या आमच्या पिढीच्या हक्काच्या डॉक्टर. शिकल्या नागपूरला आणि सगळी नोकरी डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून केली. रिटायर झाल्यावर त्यांच्या मैत्रिणी क्रूझवर गेल्या, या युरोपच्या इतिहासात शिरल्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "आयुष्यभर मेलेल्या पेशी बघितल्या, आता मेलेलं पुन्हा जिवंत कसं होतं ते बघू दे की!" मध्ययुग सरता सरता युरोपात कला आणि विद्या नव्याने कशा बहरल्या, यावर त्या महिन्यातून एका रविवारी आपल्या बेसमेंटमध्ये बोलायच्या. मराठीत, आणि हातात एकही टिपण न घेता.

पहिल्याच व्याख्यानाला घोळ झाला. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने 'प्रबोधन' हा रूढ शब्द सोडून 'रेनेसान्स'चं स्वतःच भाषांतर करून ग्रुपवर टाकलं: 'पुनर्जन्म – विजूकाकूंचे विचार'. झालं! गावातली सगळी ज्येष्ठ मंडळी हजर. एक मावशी तर फुलं आणि नारळ घेऊन आल्या. एका काकांनी हात जोडून विचारलं, "मागच्या जन्मातलं खरंच आठवतं का हो?" काकू म्हणाल्या, "मला मागच्या आठवड्यातलं आठवत नाही. पण स्वतःच्या हजार-दीड हजार वर्षं आधीचं विसरायला ठाम नकार देणारी माणसं होती, त्यांची गोष्ट सांगते. बसा." उठून कुणी गेलं नाही. वरून साबुदाण्याच्या खिचडीचा वास येत होता, हेही एक कारण असेल.

कुणी 'काय हे मध्ययुगीन विचार' असं म्हटलं की त्या भडकायच्या. "आधी नाकावरचा चष्मा काढून ठेवा, तो मध्ययुगातलाच आहे! विद्यापीठंही तेव्हाचीच." मठांत वाकून जुनी पुस्तकं उतरवून काढणारे साधू, ग्रीकांचं ज्ञान अरबीत आणून वाढवणारे बगदादचे पंडित, स्पेनमध्ये बसून तेच अरबीतून लॅटिनमध्ये नेणारे भाषांतरकार... हे सगळे आधी राबले, म्हणून पुढे इटलीतल्या व्यापारी शहरांत चित्रकारांना आणि विद्वानांना बहर आला, असं त्या सांगायच्या. आकाशातून काही पडलं नाही. त्यांचा सगळ्यात लाडका प्रसंग शवविच्छेदनाचा. प्राध्यापक उंच खुर्चीवर बसून जुनी पोथी वाचणार आणि खाली एक न्हावी प्रेत कापणार. पोथीतलं आणि प्रेतातलं जुळलं नाही तर चूक प्रेताची! मग कधीतरी एक प्राध्यापक त्या खुर्चीवरून खाली उतरला आणि त्याने सुरी स्वतःच्या हातात घेतली. एवढं सांगताना काकूंचे डोळे चमकायचे.

स्वतःच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. पोटात गाठ निघाली, तेव्हा जुन्या डिपार्टमेंटला जाऊन त्यांनी आपली स्लाइड स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिली. घरी येऊन म्हणाल्या, "वाईट आहे. ट्रीटमेंटने थोडे महिने वाढतील, पण डोकं धड राहणार नाही. मला डोकं हवंय. शेवटचं लेक्चर राहिलंय." काका रडले, मुलगा चिडला. मीही भांडले. त्या हलल्या नाहीत.

ते शेवटचं व्याख्यान भाषेवर होणार होतं आणि त्यावरूनच मंडळाशी खटका उडाला होता. समितीचं म्हणणं, मुलांना समजत नाही, निदान हे तरी इंग्रजीत करा. काकू भर मीटिंगमध्ये कडाडल्या, "अरे, लॅटिन कोळून प्यायलेल्या लोकांनी आईच्या बोलीत लिहायला घेतलं. लॅटिन टाकली नाही त्यांनी, पण घरची भाषाही विद्येच्या लायकीची केली. ती गोष्ट सांगायला मी माझ्या आईची भाषा सोडू? यार, काहीतरी लाज बाळगा!" सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या तोंडी 'यार' ऐकून सेक्रेटरीने घाईघाईने पुढचा विषय काढला.

अंत्यसंस्कारानंतर समितीचे लोक फार प्रेमाने माझ्याकडे आले. काकूंच्या नावाने दरवर्षी व्याख्यान ठेवू, मोठा हॉल घेऊ... इंग्रजीत. मी म्हटलं, जरूर ठेवा. पण या रविवारचं त्यांच्या बेसमेंटमध्ये होईल, मराठीत होईल आणि मी बोलेन. मला राग आला होता. बाई गेली म्हणून तिचं म्हणणंही गेलं, असं धरून चालणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

रविवारी माणसं थोडीच आली. मी इतिहासातली नाही, गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. अडखळत, चुकत बोलले. मध्येच काकूंच्या नातीने, रियाने, हात वर केला. "But why would they bother? Everybody smart already knew Latin." मी मराठीत उत्तर दिलं. ज्या भाषेत आपण रडतो त्या भाषेत विचारही करता यावा म्हणून, असं काहीतरी. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. श्रीधरकाका इंग्रजीत सांगायला पुढे सरसावले, तर तिने त्यांचा हात धरला. "No, आजोबा. Let her say it again." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "परत सांग. हळू."

मी परत सांगितलं. हळू, एकेक शब्द सुटा करून.

बेसमेंटमधल्या घडीच्या खुर्च्या काका आता मिटून ठेवत नाहीत. पुढच्या महिन्यात तिथे मी आहे, त्यानंतर नारळवाल्या मावशी बोलणार आहेत. विषय त्यांनी अजून सांगितलेला नाही. भाषा मात्र ठरलेली आहे. ज्याला समजणार नाही त्याने हात वर करावा. आम्ही परत सांगू, हळू सांगू, पण मराठीतच सांगू.