जहागीरदाराचा घास

आमचा कुत्रा जेवत नव्हता, म्हणून माझी थोरली बहीण जेवत नव्हती. माझी सगळी अडचण या एका वाक्यात मावते. पण त्या अडचणीतून आम्ही बाहेर कसे आलो हे सांगायला बसलो की मीच गोंधळतो. काय घडलं ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथं होतो. कशामुळं घडलं ते मात्र इतकी वर्षं विचार करूनही नीट सांगता येत नाही.

कुत्र्याचं नाव जहागीरदार. निजामाच्या अमदानीच्या शेवटी तो पिल्लू म्हणून आमच्या परांड्याच्या घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी ओसरीवरची माझी बैठक त्यानं आपल्या नावावर करून घेतली. पुढं संस्थान विलीन झालं, जहागिऱ्या खालसा झाल्या, शाळेत उर्दूत शिकवणारा मी मराठीत शिकवू लागलो, आणि नंतर पेन्शनीतही निघालो. त्याच्या जहागिरीला कुणी हात लावला नाही. घरात आम्ही दोघंच, मी आणि आक्का. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली आणि मला तिनंच वाढवलं. त्यामुळं घरात चालायचं ते तिचं, आणि तिच्याखालोखाल कुत्र्याचं.

तो म्हातारा झाला तेव्हा त्याच्या पोटाखाली एक गाठ आली. आधी लिंबाएवढी होती, मग नारळाएवढी झाली आणि चालताना जमिनीला घासू लागली. गुरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, हैदराबादेत शिकलेले. ते म्हणाले, "मास्तर, बैल कापलेत, म्हशी कापल्यात. कुत्रा हा पहिलाच. बोला, हिंमत आहे?" माझ्यात नव्हती. आक्का म्हणाली, "त्येच्यात हाय. कापा." दवाखान्यातल्या टेबलावर क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी ती गाठ काढली आणि हात धुता धुता मला म्हणाले, "माझं काम झालं. आता तुमचं आणि ऊपरवाल्याचं."

माझं काम काय ते त्यांनी समजावून सांगितलं होतं. ओसरीवर गोणपाट अंथरून त्यावर कडुनिंबाचा पाला पसरायचा. अंग अवघडू नये म्हणून त्याला कुशीवरून कुशीवर वळवायचं. लघवीला न्यायचं तर पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरायचा. जखम लाल औषधाच्या पाण्यानं पुसायची. त्यानं टाके चाटू नयेत म्हणून मी जुन्या टोपलीचं बूड कापून ती त्याच्या गळ्यात अडकवली. तेव्हापासून तो खरोखरच दरबारी दिसू लागला. रविवारपर्यंत नुसतं पाणी आणि पातळ पेज, रविवारपासून मऊ अन्न, असा डॉक्टरांचा हुकूम होता. पाणी तो प्यायचा. पेजेकडं बघून तोंड फिरवायचा.

ऊपरवाल्याचं काम शेजारच्या अण्णांनी परस्पर अंगावर घेतलं. अण्णांची धान्याची आडत होती आणि घंटा वाजेल अशा प्रत्येक ठिकाणी ते हजर असत. कुत्र्याचं पोट फाडून शिवलं आणि तो जिवंत आहे, हे त्यांनी बाजारभर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हार घेऊन आले.

"मास्तर, हे साधं कुत्रं न्हाय. भैरोबाचं वाहन हाय."

"अण्णा, कालपर्यंत तुमच्या पोत्यावर पाय वर केला की तुम्ही त्याला वजनाचं माप फेकून मारत होता."

"तवा वळख पटली नव्हती," अण्णा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी टोपलीला हार घातला.

मग माणसं येऊ लागली. कुणी कपाळाला कुंकू लावी, कुणी कापूर पेटवी. धुरानं तो शिंकायचा आणि शिंकलं की टाके ताणायचे. मी दोन-तीनदा रागावलो, पण पेन्शनीत निघालेल्या मास्तराच्या रागाला कोण विचारतं? आक्कावरही त्या सगळ्याचा परिणाम झालाच. तिनं कुत्र्याची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पोचे पडलेली थाळी मोरीत सारली आणि माळ्यावरची पितळी ताटली चिंचेनं घासून काढली. पेज ती अंघोळ करून, सोवळ्यात शिजवू लागली. अशा थाटात वाढलेली पेज माशा खात होत्या.

मग रविवार आला. आमच्या घरचं दैवत सोनारीचा भैरवनाथ. रविवारी नैवेद्य दाखवला की पहिला घास कुत्र्याला आणि मग घरच्यांना, ही रीत. बाकीच्या दिवशी उलटं असे. आक्काचं जेवण झालं की तिच्या ताटातला उरलेला भाकरीचा तुकडा आणि कालवण ती त्याच्या थाळीत सारी. त्या रविवारी तिनं नैवेद्याची भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं हुंगली आणि टोपलीसकट मान भिंतीकडं वळवली. आक्कानं आपलं ताट झाकून ठेवलं; तो घास घेईपर्यंत ते उघडायचं नाही.

संध्याकाळपर्यंत मला वाटलं, जेवेल. सोमवारी मी म्हणालो, "आक्का, रस्त्यावर कुत्री काय कमी आहेत? दुसऱ्याला घाल तो घास, रीत पुरी होईल."

"ह्यो जित्ता असताना ह्येचा घास दुसऱ्याला घालू? तू आजारी पडलास तर तुझं ताट शेजाऱ्याला वाढू का?"

"मी काही भैरोबाचं वाहन नाही."

"ते खरंय. तू कशाच्याच कामाचा न्हाईस," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. तिचा आवाज खोल गेला होता. उठताना तिनं खांब धरला. तोवर मला कुत्र्याची काळजी वाटत होती, आता दोघांची वाटू लागली. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की जखम चांगली आहे, ताप नाही, न खाण्याचं कारण दिसत नाही. पण नाहीच खाल्लं तर म्हातारं शरीर फार टिकायचं नाही. ते हे कुत्र्याविषयी बोलत होते. मी आक्काविषयी ऐकत होतो.

मंगळवारी मी सोनारीला निघालो. भक्ती म्हणून नव्हे. जन्मभर सरकारी नोकरी केल्यावर खालचा हुकूम मोडायचा तर वरच्या कचेरीत जावं, एवढं कळत होतं. तिथल्या पुजाऱ्यांनी सांगितलं की बाई, रीत माफ आहे, जेव, तर आक्का ऐकेल असा माझा हिशेब. आक्कानं त्या दिवशीची ताजी भाकरी फडक्यात बांधून दिली. "देवापुढं ठेव. म्हणावं, ह्येनं खाल्ली न्हाय, तूच काय ते बघ."

सोनारीत पोचलो, तर कुणी नव्यानं पुढारी झालेले गृहस्थ दर्शनाला आलेले. ताशा वाजत होता. देवाच्या वाट्याचे हार आधी त्यांच्या गळ्यात पडत होते आणि ते इतक्या नम्रतेनं मान वाकवीत होते की त्यांना सवय असावी. पुजाऱ्यांना मी कसंबसं गाठलं. ते म्हणाले, "साहेब जाऊ द्या, मग बघू." मी दीपमाळेपाशी येऊन बसलो आणि गाठोडं शेजारी ठेवलं. सोनारीत असं करू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माकडानं फडक्यासकट भाकरी उचलली आणि शिखरावर जाऊन बसून, साहेबांच्या मिरवणुकीकडं बघत, सावकाश खाल्ली.

पलीकडं एक बाई भाकरी-चटणी खात बसली होती. वयानं आक्काएवढी, बोलणं कानडी वळणाचं. ती विचारू लागली, "काय नेलं ओ?"

"नैवेद्य."

"कुणाचा?"

"कुत्र्याचा."

ती हसू लागली, ठसका लागेपर्यंत हसली. पाणी पिऊन झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि मला बोलतं केलं. का कोण जाणे, मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं. गाठ, टोपली, पेज, आक्काचं झाकलेलं ताट. तिनं सल्ला दिला नाही, देवाचं नावही घेतलं नाही. हातातल्या भाकरीचा एक घास तोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि उरलेली अर्धी माझ्यापुढं धरली.

"घ्या. रिकाम्या हातानं जाऊ नका."

"अहो, पण ही उष्टी आहे."

"मग? कुत्र्यालाच नेताय ना?"

मी भाकरी घेतली आणि रुमालात बांधली. साहेब गेल्यावर पुजाऱ्यांकडं गेलो, तर ते जेवायला गेलेले. परत दीपमाळेपाशी आलो, तर बाई नव्हती. याचा मी फार अर्थ लावत नाही. माणसं जेवून उठतात आणि आपल्या वाटेनं जातात.

परतताना एका बैलगाडीत जागा मिळाली. हुकूम मिळाला नव्हता, नैवेद्य माकडानं खाल्ला होता, आणि सोवळ्यातल्या बहिणीकडं मी परक्या बाईची उष्टी भाकरी घेऊन चाललो होतो. वाटेत ती टाकून द्यावी, असं एकदा मनात आलं. मग तेही करवेना. गाडीच्या दांडीला डोकं टेकून मी नुसतं म्हणालो, "आता तुझं तू बघ." कुणाला म्हणालो ते मला विचारू नका. याला शरण जाणं म्हणतात की दमणं, हे अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आक्का ओसरीवरच होती, कुत्र्याच्या शेजारी. "काय दिलं देवानं?" तिनं विचारलं. खोटं बोलायची ताकद नव्हती. माकड, बाई, ठसका, सगळं सांगितलं आणि रुमाल पुढं केला. मला वाटलं, आता विचारेल बाई कुठली, कोण. तिनं विचारलं नाही. भाकरीची तोडलेली कड तिनं बोटानं चाचपली. मग उठली. पितळी ताटली घासून वाळत टाकलेली होती, म्हणून असेल किंवा कशानं असेल, ती मोरीत गेली आणि जर्मनची थाळी घेऊन आली. भाकरी ताकात कुस्करली. तिच्या बोटांना लागलं ते तिनं थाळीच्या काठाला पुसलं, रोज पुसायची तसं. थाळी फरशीवर घासत पुढं सरकवली.

त्या आवाजाला जहागीरदारानं कान उचलला. मी टोपली वर धरली. त्यानं हुंगलं, थांबला, आक्काकडं बघितलं. मग जीभ बाहेर आली. आधी काठ चाटला, मग मधलं. सगळं नाही खाल्लं, निम्म्याहून कमीच. पण गिळताना त्याच्या गळ्याची हालचाल माझ्या हाताला लागली आणि माझे डोळे भरून आले, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

"खाल्लं की रं," आक्का म्हणाली. मग मला, "बसलास काय? माझं ताट वाढ."

आक्काला मी वाढून दिलं असं ते पहिलंच ताट. जेवून झाल्यावर तिनं उरलेला तुकडा त्या थाळीत सारला आणि त्यानं तोही खाल्ला.

पुढं मी खूप डोकं चालवलं. डॉक्टर म्हणाले, क्लोरोफॉर्मची मळमळ ओसरली असेल. पटलं. आम्ही त्याला देव करून ठेवलं, त्याची थाळी आणि उष्टं काढून घेतलं, म्हणून तो उपाशी राहिला, असं मला वाटलं. तेही पटलं. पण रविवारचा ताजा नैवेद्य तो वर्षानुवर्षं आनंदानं खात आला होता, तेव्हा हे उत्तरही पुरतं बसत नाही. अण्णांचं उत्तर सोपं होतं, दीपमाळेपाशी साक्षात कोण बसलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. मला नाही. मला फक्त एक हसरी, भुकेली बाई दिसली, जिनं आपल्या जेवणातलं निम्मं दिलं.

जहागीरदार पुढं आणखी काही वर्षं जगला, थोडा तिरका चालत, पण रुबाबात. आता तो नाही आणि आक्काही नाही. मी अधूनमधून सोनारीला जातो. देवापुढं उभा राहिलो की काय मागावं ते कळत नाही, म्हणून मागत नाही. मागे मागायला गेलो होतो एक आणि पदरात पडलं दुसरंच, तेही मी उष्टं म्हणून नाकारायला निघालो होतो. एवढं आठवतं आणि आपोआप हात जोडले जातात. मग दीपमाळेपाशी बसून भाकरी खातो. गाठोडं मांडीवर घट्ट धरून ठेवतो, कारण माकडं आहेत तशीच आहेत. निम्मी भाकरी संपली की थांबतो आणि शेजारी कोण येऊन बसलंय ते बघतो.