नसलेला रकाना

तुमच्या अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्यानं नेमकं काय पाहिलं होतं, हे तुम्ही कधी विचारलंत का?

भाई विचारायचे. पडद्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्या उमटल्या की चष्मा कपाळावर सारून म्हणायचे, “अडथळा मागाहून बघू. आधी सांगा, निघते कुठून?” बुधवार पेठेत त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वायर मुळापासून धरत जायची, हे शिक्षण तिथलं. आमच्या रुग्णालयात ते अँजिओग्राफीचे तंत्रज्ञ होते. मी रिपोर्ट टाइप करायचो.

आमच्या छापील फॉर्मवर प्रत्येक रक्तवाहिनीपुढे एकच रकाना होता: अडथळा किती. ती जन्मापासून भलत्याच जागेहून निघाली असेल, तर ते लिहायला जागाच नव्हती. असे रुग्ण भाई स्वतःच्या वहीत नोंदवायचे. “बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही,” म्हणायचे. “पण ज्याला होतं, तो तक्रार करायला परत येत नाही.”

एकदा हडपसरचा एक हमाल आला. पोतं उचललं की छातीत कळ यायची, दोनदा चक्कर येऊन पडला होता. अडथळा कुठेच सापडला नाही.

“सर, डावी रक्तवाहिनी उजवीकडून निघतेय,” भाई म्हणाले. “दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधून जात असेल, तर जोर केल्यावर चेपेल. सीटी स्कॅन करून बघायला हवं.”

“भाई, हा रेडिओ नाही,” मोठे डॉक्टर म्हणाले. “अडथळा नाही ना? मग लिहा नॉर्मल.”

सगळे हसले. मीही हसलो, आणि टाइप केलं.

महिन्याभरात त्याची बायको आली. पाठीवर पोतं असतानाच तो कोसळला होता. तिनं रिपोर्ट भाईंपुढे धरला. “ह्यात तर समदं बरं हाय म्हणत्यात. मग माणूस कसा गेला, दादा?”

“चूक आमची आहे, ताई,” भाई म्हणाले. मी टाइप करत राहिलो.

पुढे डॉक्टरांच्या एका सभेत मोठ्या डॉक्टरांनी भाषण केलं. विषय हाच: प्रौढ हृदयरुग्णांत असे जन्मजात दोष किती आढळतात? त्यांनी मी टाइप केलेले रिपोर्ट चाळले होते. “आपल्याकडे फारच दुर्मिळ,” ते म्हणाले. आम्हीच गाळायचं आणि आम्हीच मोजायचं! टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून भाई उठले. “दुर्मिळ नाही, सर. न लिहिलेलं.”

त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नाही. ते भांडले नाहीत. जाताना वही तेवढी माझ्या टेबलावर ठेवली. हमालाच्या नोंदीपुढे त्यांच्या सुबक अक्षरात होतं: ‘रिपोर्ट नॉर्मल. टाइप करणारा’, आणि पुढे माझं पूर्ण नाव.

घरातली ती फाइल आज काढा. रक्तवाहिन्या निघतात कुठून, ते तिच्यात नसेल, तर ती घेऊन परत जा आणि विचारा. तोंडी उत्तरावर उठू नका. लिहून घ्या, समोरचे हसले तरी.