नाडी धरण्याचं निमित्त

मिनिटाला तीसच्या वर श्वास गेले तर दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी घड्याळ घेतलं की दवाखाना नको म्हणून वडील मुद्दाम सावकाश श्वास घेतात.

"किती?"

"अठरा."

"बघ, ठणठणीत आहे."

पण श्वासावर आपली मर्जी घटकाभरच चालते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की शरीर कुणाला विचारत नाही. रोजच्या या मोजामोजीने मीही थकलोय. आज नुसती नाडी बघतोय असं दाखवून त्यांचं मनगट धरलं आणि नजर पोटावरच्या चादरीवर ठेवली. चौतीस.

"नाडी मनगटात असते, पोटावर नाही," ते डोळे मिटूनच म्हणाले. मी मनगट तसंच धरून ठेवलं. मग त्यांनीच मनगट सोडवून घेतलं.

"बाहेर जायचा सदरा दे."