खिडकीपुढचा गोल

मोजणी कार्यालयाच्या खिडकीमागं बसणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. खुलताबाद रोडवरच्या माझ्या प्लॉटची मोजणी व्हावी म्हणून दीड वर्ष खेटे घालतोय. तिकडं शेजाऱ्याची भिंत माझ्या हद्दीत शिरून डोक्याएवढी उंच झाली आणि इकडं यांचं एकच पालुपद, "काय करता साहेब, कोरोनापासून समदं मागं पडलंय."

"अहो, माझा अर्ज कोरोना संपल्यावरचा आहे."

"मग? आधीचे नाय का राहिले?"

खिडकीपासून सहा फुटांवर कोरोनाच्या काळातला एक पांढरा गोल आहे. आपण त्यातच उभं राहायचं, हा त्यांचा दंडक. तिथून आपलं निम्मं बोलणं त्यांना ऐकू जात नाही, म्हणूनच तो त्यांना प्रिय असावा. चहाला मात्र चार सहकारी त्यांना खेटून बसतात. तेवढा वेळ कोरोना बाहेर थांबतो.

परवा गेलो तर खुर्ची रिकामी. हे गृहस्थ पँट दुमडून खिडकीपुढं उकिडवे बसलेले, हातात ब्रश, आणि तोच गोल नव्यानं रंगवणं चाललेलं. इतकं मन लावून, की मला क्षणभर आदरच वाटला. त्या कार्यालयात पुरं होताना मी पाहिलेलं ते पहिलंच काम.

"लई पुसट झाला होता," ते म्हणाले.

मी पाऊल उचललं.

"आं, थांबा! वाळू द्या."

"किती वेळ लागेल?"

त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"काय सांगावं साहेब? कोरोनापासून रंगबी पहिल्यासारखा वाळत नाय."