बरी न झालेल्या बाईची साक्ष

एसटीत खिडकीशी बसून प्रवास करायची मला सवय नाही. सारी नोकरी मी मधल्या वाटेत उभी राहून केली, कंडक्टर म्हणून. त्यामुळे श्रीरामपूरहून पुण्याची गाडी सुटली तेव्हा हात आपोआप घंटीच्या दोरीकडे गेला, आणि आजच्या कंडक्टरने मी त्याचा खिसाच कापतेय अशा नजरेने पाहिलं. "बसा की मावशी निवांत," तो म्हणाला. मी काही सहलीला निघाले नव्हते, पण बसले.

घशात गाठ निघाली होती. ती वाईट आहे हे नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता स्वरयंत्राचा थोडाच भाग काढून भागणार की सगळंच काढावं लागणार, म्हणजे आवाज थोडा उरणार की साफ जाणार, हे पुण्याचे डॉक्टर ठरवणार होते. या आवाजावर मी खचाखच भरलेल्या गाडीत माणसं मागे सरकवली, आणि रविवारी देवळात (आम्ही गावाकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो) ढोलकीच्या वर सूर चढवून भजनं म्हटली. निघताना शेजारीण म्हणाली, "एवढं देवाचं करून तुलाच हे कसं गं?" मी म्हटलं, "विचारलंय त्याला. उत्तर आलं की कळवते."

राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. नगरला चहा घेतला, तो कोमट होईपर्यंत धरून ठेवला आणि एकेक घोट उतरवला. सुप्याच्या पुढे शेतं संपून कारखान्यांच्या भिंती लागतात आणि शिक्रापूरला गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. या रस्त्यावर मी पूर्वी ड्यूटी केली आहे. तेव्हा वाघोली म्हणजे एक थांबा होता, चार माणसं उतरायची. आता उतरले तर मान वर करून मजले बघावे लागले. त्यातल्याच एका इमारतीत माझी भाची राहते, स्नेहल, माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बहीण वारल्यापासून ती माझीच लेक.

फाटकावर वॉचमनने नाव विचारलं आणि म्हणाला, "अच्छा, फंक्शन में आये हो?" मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडचं असेल.

दार उघडलं तर हॉल माणसांनी भरलेला. भिंतीवर फुगे. टेबलावर केक, त्यावर क्रीमने लिहिलेलं: विमल मावशीच्या चंगाईबद्दल देवाचे आभार. चंगाई म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होणं. मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ते वाचलं.

"स्नेहल, हे काय आहे?"

"सरप्राईज, मावशी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आपण विश्वासाने आधीच आभार मानतोय. मिळालं म्हणायचं, म्हणजे मिळतं."

तिच्या प्रार्थनेच्या गटाचा पुढारी तिथे होता. त्याला सगळे ब्रदर म्हणत. गोड बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मावशी, आता साक्ष द्या." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. आमच्यात ही जुनी रीत आहे. बैल सापडला, मुलगा पास झाला, ताप उतरला की माणूस उभा राहतो. "फक्त म्हणा, मी बरी झाले. तोंडाने कबूल करा. मग ऑपरेशनची तारीख घ्यायचीसुद्धा गरज पडणार नाही. डॉक्टरकडे धावणं म्हणजे शंका घेणं."

माझं डोकंच फिरलं. पण माणसं चांगली होती, ऑफिसातून दमून आली होती, माझ्यासाठी आली होती. मी उभी राहिले. आवाज घोगरा झाला होता, तरी मागच्या सीटपर्यंत पोचायची त्याची सवय मोडली नव्हती.

"मी बरी झालेली नाही," मी म्हटलं. "गाठ आहे, दुखतं, रात्री भीती वाटते. झाले म्हटलं तर ती खोटी साक्ष होईल, आणि खोटी साक्ष देऊ नये हे मला रविवारच्या शाळेत शिकवलंय. मी डॉक्टरकडे जाणार. आवाज राहिला तर तो माझा देव आहे. गेला तरी तोच माझा देव आहे. मला बरं करण्याच्या बोलीवर मी त्याला धरलेलं नाही. हे आजच सांगून ठेवते, कारण नंतर सांगता येईल की नाही ठाऊक नाही. आता केक कापा, पोरं ताटकळलीत."

कुणी आमेन म्हटलं नाही. ब्रदर हळूच म्हणाला, "मावशी, हे शब्द तुमची चंगाई अडवतील." मी म्हटलं, "अडवू द्या. मी एसटीत होते."

लोक लवकर गेले. स्नेहल स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. तिचा नवरा अभिषेक गरीब माणूस, तो फुगे काढत बसला. मी तिच्या शेजारी जाऊन ताट पुसायला घेतलं. पाठ फिरवूनच ती म्हणाली, "तुला काय जातं गं बोलायला. मागच्या वेळी माझा विश्वास कमी पडला. या वेळी मला काही कमी पडू द्यायचं नव्हतं."

मागच्या वेळी म्हणजे तिचं बाळ. सातव्या महिन्यात झालं आणि दोन दिवसांत गेलं. मुलगी होती. त्यानंतर त्या लेकराचं नाव या घरात कुणी काढलं नव्हतं, मीही नाही. तिला त्रास होईल म्हणून.

"कमी पडला असं कोण म्हणालं?"

ती कढई घासत राहिली.

"स्नेहल, कोण म्हणालं ते सांग. जो म्हणाला त्याला माझ्यासमोर आणून उभा कर. आईचं लेकरू जातं आणि वर तिच्याकडेच हिशोब मागतात, हे कुठल्या देवाचं काम? माझा देव असला नाही. त्याचा स्वतःचा मुलगा क्रूसाच्या लाकडावर गेलाय. त्याला कळतं."

ती ओट्याला धरून रडली. मी तिला गप्प हो म्हटलं नाही. पुष्कळ दिवसांचं साचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. माझी डॉक्टर तिशीतली मुलगी होती. फोटो बघून म्हणाली, "आजी, सगळं काढावं लागेल. श्वास गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून घ्याल. पुढे यंत्र लावून थोडं बोलता येईल."

"गाता येईल?"

"नाही."

शेजारी स्नेहलने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मला मात्र ती डॉक्टर आवडली. महिनाभरात सरळ उत्तर तिनेच दिलं होतं. बाहेर आल्यावर मी जिन्यातच देवाला म्हटलं, हे मला पसंत नाही. मोठ्याने म्हटलं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं. पुण्यात लोक पाहतात, विचारत नाहीत, ही सोय आहे.

भरती व्हायच्या आदल्या सकाळी मी हट्ट धरला की पेठेत जाऊन मिसळ खायची. घशाला तिखट चालत नव्हतं, पण पुढे कधी काय चालेल याचा तरी कुठे भरवसा होता. स्नेहलने मालकाला विचारलं, "अहो, रस्सा जरा कमी तिखट मिळेल का?"

"शेजारी डेअरी आहे," ते म्हणाले.

डोळ्यांतून नाकातून पाणी काढत मी निम्मी मिसळ संपवली. मग नदीकाठी बसून स्नेहलला येतील तेवढी भजनं म्हणून दाखवली. सूर फाटत होता. ती फोनवर रेकॉर्ड करायला लागली तर मी फोन खाली ठेवायला लावला. "ऐक नुसती," म्हटलं. पुढच्या बाकावरचे एक आजोबा ताल धरून बसले होते, तेवढे श्रोते पुरे झाले.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सोबतीला त्यांच्या बहीण होत्या, सदाशिव पेठेतल्या जोगळेकर बाई, बँकेतून निवृत्त. माझ्या गळ्यातला क्रूस पाहून म्हणाल्या, "आमचे देव इतके, पण एकानेही अजून तोंड उघडलेलं नाही. तुमचा एकच. तो काय म्हणतो?"

"काहीच नाही. उद्यापासून मीही काही म्हणणार नाही. बसू दोघं गप्प."

त्या हसल्या आणि थर्मासमधला चहा मला दिला. ऑपरेशनला नेईपर्यंत माझं शेवटचं बोलणं त्यांच्याशीच झालं, साखर किती घालता यावर.

जाग आली तेव्हा ओरडायला तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. नुसता वारा, तोही गळ्यातून. तेव्हा मला देवाचा राग आला, आणि हा राग काही एका दिवसात गेला नाही. पण रागवायला माणूस समोर लागतो. मी रोज त्याच्यावर रागावत होते, म्हणजे तो रोज समोर होता. खाटेवर पडून मला एवढंच उमगलं, आणि ते मला पुरलं.

टाके निघून डॉक्टरांनी सोडलं तेव्हा स्नेहल रजा काढून मला पोचवायला आली. परतीची गाडी तीच, ऊस तोच, फक्त मी खिडकीशी न कुरकुरता बसले. काय आणलं पुण्याहून, असं लोक विचारतील हे ठाऊक होतं. माझ्याकडे दाखवायला गळ्यावरचा रुमाल होता.

रविवारी आम्ही दोघी देवळात गेलो. भजन कुणीतरी भलत्याच पट्टीत धरलं आणि सगळे वरच्या सुरात अडकले. मग पाळकांनी (आमचे धर्मगुरू) नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाची साक्ष आहे का?"

मी उभी राहिले.

बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. ते मला नको होतं, म्हणून मी मान ताठ केली आणि रुमाल सोडून हातात घेतला. बघा, असं मनात म्हटलं. पाळक भला माणूस, कळवळून म्हणाले, "बसा विमलबाई, आम्हाला समजलं." मी मान हलवली. बसले नाही.

शेजारी बाक करकरला. स्नेहल उठली होती. बाळ गेल्यापासून ती देवळात साक्षीला उभी राहिली नव्हती.

"मला एक मुलगी झाली होती," ती म्हणाली. "तिचं नाव कृपा. मी तिच्यासाठी पूर्ण विश्वासाने प्रार्थना केली होती. कमी काहीच पडलं नव्हतं. तरी ती गेली. आणि मी अजून देवळात येतेय."

पाळकांनी या वेळी बसा म्हटलं नाही. ते स्वतःच उभे राहिले.